थर्लची बुडी

आमच्या खाऱ्या सरोवरात बुडणं सोपं नाही. माझा घोडा एकदा आत पडला, तर बुडण्याऐवजी खारवून निघाला आणि आम्हाला हिवाळाभर पुरला. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला, नोलाला विचारा. तिनेच शिजवला.

आमच्या शेजारच्या थर्लला मात्र बुडायचंच होतं. त्याची बायको आर्डिथ मरताना बजावून गेली होती, "बाप्तिस्मा घे, नाहीतर वर आपली गाठ नाही." आमच्या पंथात अख्खा माणूस पाण्याखाली जावा लागतो, अंगठा वर राहिला तरी बुडी फुकट. गावात चर्चची गोड्या पाण्याची टाकी आहे. पण थर्लने तरुणपणी कुणा शहरी कलावंतासाठी ट्रकने काळे दगड ओतून सरोवरात बांधाचं एक प्रचंड वेटोळं घातलं होतं, आणि आर्डिथ तिथे त्याचा डबा घेऊन यायची. बुडेन तर तिथेच, म्हणाला.

मागे एकदा उतरला, तर खारं पाणी वर ढकलायचं आणि दर बुडीला अंगठा वर. चिडून घरी गेला. मग सरोवरच आटत गेलं, आणि थर्लचं हृदयही.

"भाऊ, हट्ट सोड," बिशप लॅमोंट म्हणाला. एरवी तो टायर विकतो. "मेल्यावर तुझ्या नावाने दुसरा कुणी बुडी मारेल. रीतच आहे."

"बायको माझी, आणि भिजणार दुसरा? वा रे वा!"

साक्षीला मी आणि नोला. वेटोळं कोरडं ठणठणीत, पाणी पार दूर सरकलेलं. थर्ल मधोमध जरा टेकला, वाकून काहीतरी चाचपलं. मग मिठाच्या पापुद्र्यावरून आम्ही त्याला धरधरून नेलं.

"खिसे का रे फुगलेत?" नोलाने विचारलं.

"डबा आहे, वहिनी."

गुडघाभर पाणी. बिशपने मंत्र म्हणून त्याला आडवा केला. थर्ल खाली गेला. नाक, गुडघे, अंगठा, सगळं.

"गेला! अख्खा गेला!" मी ओरडलो.

वर काढताना मात्र आमची कंबर मोडली. पांढऱ्या विजारीच्या खिशांत काळे दगड होते. अंग आमच्या हातात आलं, थर्ल तेवढा त्यात नव्हता.

"ही बुडी धरायची ना?" नोलाने विचारलं.

बिशपने थर्लचे डोळे मिटले. "जिवंत वर यावा लागतो, ताई."

पुढच्या वर्षी आमच्या पंथाच्या मंदिरातल्या टाकीत, कोमट पाण्यात थर्लच्या नावाने बुडी मारली ती मी. पहिल्याच झटक्यात अख्खा खाली गेलो. आर्डिथला काय वाटलं असेल, देव जाणे.