पालाशचा रिकामा रकाना

मांजरी गावातल्या त्या छोट्या माती परीक्षण प्रयोगशाळेत अकरा वर्षं सुनीतीच शेतकऱ्यांना सल्ल्याची पत्रं लिहीत आली होती. समोर आकड्यांचा तक्ता, शेजारी कोरा कागद. मातीचा सामू, कर्ब, पालाश म्हणजे पोटॅश असे रकाने वाचायचे आणि शेतकऱ्याला कळेल असं लिहायचं. एका पत्राला वीस मिनिटं लागत.

नव्याने आलेल्या पूर्णिमाने ते काम सहा दिवसांत ॲपवर नेलं. यवतमाळची, सव्वीस वर्षांची पोर. धड प्रोग्रामरही नाही. पडद्यावर तयार चौकटी ओढून आणायच्या, मधे एखादं सूत्र लिहायचं, झालं. ते सूत्र तक्त्यातल्या एका शेतकऱ्याच्या सगळ्या ओळी गोळा करी, एकापुढे एक जोडी, मधे शब्द पेरी आणि क्षणात अख्खं पत्र उभं करी.

"सुनीतीताई, आता तुम्ही निवांत," सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख अनिरुद्ध सर सगळ्यांसमोर म्हणाले. "अकरा वर्षांत हे कुणाला सुचलं नाही, याचंच नवल."

सुनीती हसली. हसताना जबडा दुखला.

त्याच दुपारी तिने पाठवायची पत्रं चाळली, ती चूक शोधायलाच. सतराव्या पत्रात सापडली. लोणी काळभोरचे धोंडिबा: 'पालाश शून्य. एकरी पालाश खताची दोन पोती द्यावीत.' पालाश शून्य असलेली माती तिने कधी पाहिली नव्हती. आकड्याची शंका आली की रकाना रिकामा सोडायचा आणि नमुना पुन्हा तपासायचा, ही तिची सवय. ती तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. सूत्राने रिकाम्याला शून्य धरलं होतं.

ती पूर्णिमाच्या टेबलापर्यंत गेली. पूर्णिमा फोनवर आईला सांगत होती, "सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं."

सुनीती तशीच परतली. पत्रं शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेली. मंगळवार गेला, बुधवार गेला. चूक आपोआप उघडी पडेल तेव्हा सर काय बोलतील, याची वाक्यं ती मनात जुळवत राहिली.

गुरुवारी धोंडिबा स्वतःच आले.

"बाई, झ्याक काम केलंत. यंदा पत्र माझं मीच वाचलं."

"आधी कोण वाचायचं?"

"मास्तरांकडं न्यायचो की. तुमचं अक्षर लागत न्हवतं. राग नका धरू."

सुनीतीची कानशिलं तापली.

"दोन पोती टाका म्हनतंय," धोंडिबा मोबाइल दाखवत म्हणाले. "दुकानातच चाललोय. कुनी लिवलं हे?"

पूर्णिमाने मान वर केली. तिचा चेहरा फुलला होता. सुनीतीने नुसतं तिच्याकडे बोट दाखवलं असतं, तरी पुरलं असतं. बाकीचं त्या दोन पोत्यांनी केलं असतं.

"धोंडिबा, पोती आणू नका," ती म्हणाली. "पालाश शून्य नाही. तो आकडा मी भरलाच नव्हता. तपासून कळवते."

ते गेल्यावर पूर्णिमाने तक्ता उघडला, रिकामा रकाना पाहिला आणि सूत्र बदललं. आता रकाना रिकामा असला की पत्रात 'तपासणी चालू आहे' असं येणार होतं. दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटंही सुनीतीला टोचली.

"ताई, हे तुम्हाला आत्ता दिसलं?"

सुनीतीने पेनाला टोपण लावलं.

"सोमवारी," ती म्हणाली. "दुपारी तीनच्या सुमारास."