अर्धा कप ग्रॅनोला

मधुमेह निघाल्यापासून माझं ताट माझी बायको, आर्लिस, वाढते. पस्तीस वर्षं मी शाळेच्या बसेस दुरुस्त केल्या, पण स्वतःच्या न्याहारीला हात लावायची मला मुभा नाही. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत साखर खाली आली नाही तर इन्सुलिन. आर्लिसने त्याच दिवशी मापाचे कप ओट्यावर काढून ठेवले. सकाळी ग्रॅनोला, म्हणजे मधात भाजलेले ओट्स, अर्धा कप, संध्याकाळी कुस्करलेला बटाटा अर्धा कप.

मी मुकाट्याने पाळलं. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफीबरोबर केकचं ताट फिरायचं, ते मी न बघता पुढे सरकवायचो. तरी न्याहारीनंतर दोन तासांनी बोट टोचलं की आकडा दोनशेच्या वरच. एकदा दोनशे चौदा आला. आर्लिसने तो फ्रिजवरच्या कागदावर लिहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाहेर काय खातोस, डुएन?"

काही नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पिकअपच्या सीटखाली तिला डोनटची चुरगळलेली पिशवी सापडली. ती मागच्या हिवाळ्यातली, मधुमेह कळण्याआधीची होती. हे मी तीनदा सांगितलं. तिने पिशवी टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि मी ऐकत असताना स्वतःच्या बहिणीला, लव्हॉनला, फोन लावून सांगितलं की हा चोरून खातो. रविवारी लव्हॉन चर्चमध्ये माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, मन घट्ट कर. मला राग आला, पण चर्चमध्ये काय बोलणार?

चार आठवडे असेच गेले. शेवटी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी, ब्रिजेटने, आम्हाला दोघांनाही बोलावलं. येताना रोजची न्याहारी जशी वाढता तशीच डब्यात आणा, मापाचा कप आणि ग्रॅनोलाचं पाकीटही आणा, असं तिने सांगितलं होतं. तिने टेबलावर एक चपटा वजनकाटा ठेवला आणि डब्यातला ग्रॅनोला त्यावरच्या वाडग्यात ओतला. पाकिटावर अर्धा कप म्हणजे पंचावन्न ग्रॅम असं छापलेलं असतं. काट्यावर अठ्ठ्याऐंशी आले.

मग ब्रिजेटने आर्लिसला कप कसा भरता ते दाखवायला सांगितलं. आर्लिसने कप पाकिटात खुपसला, वर आलेला ढीग चमच्याच्या पाठीने दाबला, कप टेबलावर आपटला आणि पुन्हा वर भर घातली. केकसाठी ब्राउन शुगर ती अशीच दाबून भरते, सगळेच भरतात. बटाटाही ती तसाच भरत होती.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या बाईचा काटा बिघडलेला असेल, एवढंच म्हणाली. मी वाटेत थांबून दुकानातून नवा काटा घेतला. घरी आल्यावर आर्लिसने फ्रिजमधून लोण्याची न उघडलेली कांडी काढली. तिच्यावर वजन छापलेलं होतं, एकशे तेरा ग्रॅम. काट्यावर कागदासकट एकशे चौदा आले. तिने कांडी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा एकशे चौदा.

दुसऱ्या दिवसापासून ती काट्यावर मोजू लागली. पंचावन्न ग्रॅम ग्रॅनोला वाडग्याच्या तळाशी कुठे गेला ते कळत नाही. दोन घासांत संपतो, आणि दहा वाजता पोटात कावळे ओरडतात. पण त्या आठवड्यात आकडा एकशे बासष्टवर आला. तिने तो कागदावर लिहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी वाट बघत होतो. माफीबिफी नको होती, निदान तू खोटं बोलत नव्हतास एवढं तरी तिने म्हणावं. शनिवारी तिने लव्हॉनला फोन लावला. मी सिंकपाशी वाडगा धूत होतो.

"अगं, डुएन काही चोरून खात नव्हता," ती म्हणाली. "आमचा कपच चुकीचा निघाला."

मी नळ बंद केला. "कप बरोबर होता, आर्लिस."

तिने फोनवर हात ठेवला. "आता सगळंच सांगू का तिला?"

"हो. सगळंच."

ती फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तिथे ती काय बोलली, ते मला आजही माहीत नाही. रविवारी लव्हॉनने मात्र खांद्यावर थोपटलं नाही.