घागर भुईला टेकायची नाही

काशीत संतांचा तोटा नाही. एक दगड भिरकावला तर दोन महाराज आणि एक स्वामी सापडतील, आणि तिघांनाही आपापला फोटो छापलेला फलक हवा असतो. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या घागरेबुवांचा फलक मात्र कधी कुणी लावला नाही. दीड हात उंचीची दगडी समाधी, तिच्यामागे भिंतीत कोनाडा आणि कोनाड्यात तांब्याची एक घागर, एवढाच बुवांचा संसार. दीडशे वर्षांपूर्वी दुष्काळात बायकोमुलं गमावून हा माणूस साताऱ्याकडच्या लोणमाळ गावाहून इथे आला आणि जन्मभर गंगेचं पाणी वर चढवून गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारी पोचवत राहिला. प्रवचन नाही, अभंग नाही. चमत्कार विचाराल तर एकच. भरलेली घागर पोचेपर्यंत त्यांनी ती कधी भुईला टेकवली नाही.

तोच नेम पुढे चालला. बुवांच्या पुण्यतिथीला, मार्गशीर्षात, ती घागर गंगेवर भरायची, कुठेही न टेकवता वर आणायची आणि गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या घरी रिती करायची. शरदिनीच्या आजोबांनी आणली, मग वडिलांनी आणि गेली एकतीस वर्षं शरदिनीने. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली ही अडुसष्ट वर्षांची बाई नाकावर माशी बसू देत नसे. तिच्या लेखी बुवा काशीचे होते, त्यातही या गल्लीचे होते आणि खरं सांगायचं तर तिच्या घरचेच होते. कुणी लोणमाळचं नाव काढलंच तर ती म्हणे, "त्या गावाने पाणी दिलं नाही म्हणून तर बुवा इथे आले."

अलीकडे पाणी जायचं ते एक्क्याण्णव वर्षांच्या इंदूमावशींकडे. त्या तिसऱ्या मजल्यावर खाटेला खिळलेल्या. दरवर्षी पहिला घोट घेऊन त्या विचारत, "कुणी आणलं गं?" शरदिनी दरवर्षी सांगे, "मीच. आणखी कोण आणणार?"

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. दीडशे वर्षं लोणमाळला बुवांची आठवण नव्हती. मग गावातल्या कुणीतरी काशीयात्रेत घागरीचा व्हिडिओ काढला, तो घराघरांत पोचला आणि बघता बघता अख्खं गाव बुवांचं झालं. मंदिर बांधलं, वेशीवर कमान उभारली, काचेचं कपाट करून घेतलं. आता कपाटात ठेवायला घागर तेवढी हवी होती.

समाधीचं मंडळ पाचजणांचं. अध्यक्ष बिंदुमाधव, शरदिनीचा चुलतभाऊ. एका सकाळी तो तिच्याकडे आला, अर्धा चहा संपेपर्यंत हवापाण्यावर बोलला आणि मग म्हणाला, "ताई, मी त्यांना हो म्हटलंय."

"कशाला हो?"

"ज्या वर्षी आपल्यातलं कुणी घागर वर आणू शकणार नाही, त्या वर्षी ती लोणमाळला न्यावी. शब्द दिलाय. ते यंदाच बस करून येतायत." ती काही बोलण्याआधीच तो घाईने पुढे म्हणाला, "डॉक्टरने तुला सीढ्या मना केल्यात. माझी कमर गेली. मुलं सगळी बाहेर. उचलणार कोण?"

"मी उचलणार."

"जिद करू नको, ताई."

"जिदच आहे ही," शरदिनी म्हणाली आणि त्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. रोज सकाळी प्लास्टिकची बादली घेऊन घाटावर जायचं. आधी पाव बादली, मग अर्धी, मग पाऊण. नाव वल्हवणाऱ्या विश्वेश्वरला मोठी गंमत वाटायची. "का माताजी, ओलंपिक जाए के बा?" तो हाक मारी. "हाँ, सोना ले के आइब," असं उत्तर फेकून ती पुढची पायरी चढे. बंगळूरूहून मालविका फोनवर चिडायची, "आई, तुझा घुटना बदलायला आलाय आणि तू वजन उठवतेस?" त्यावर लेकीला ऐकवलं जाई, "घुटना बदलता येतो. बुवा कुठून बदलून आणू?"

फोन ठेवल्यावर मात्र तिला भीती वाटायची. घाटावरची मराठी घरं एकेक करून बंद होत चालली होती. घागर गेली की कोनाडा रिकामा होणार. मग गल्लीत एक दगड तेवढा उरेल, आणि आपण तरी इथले कोण म्हणून उरू? या विचाराने तिचा जीव कासावीस होई. मग ती उठून गुडघ्याला तेल चोळत बसे.

पुण्यतिथीच्या सकाळी घाटावर धुकं होतं. लोणमाळची बेचाळीस माणसं समाधीपाशी हजर. पुढे मोहनराव, गावच्या मंदिर समितीचे अध्यक्ष. गुलाबी फेटा, हातात झेंडूचा हार आणि मागे मोबाईल उगारलेले दोघे. नमस्कार त्यांनी वाकून केला, पण बोलले ते सरळच. "बाई, राग मानू नका. बुवा आमच्या मातीचे."

"माती तुमची असेल," शरदिनी म्हणाली, "पाणी इथलं आहे." घागर कडेवर घेऊन ती खाली निघाली.

कार्तिकानंतर गंगा उतरते आणि पायऱ्या वाढतात. त्या वर्षी एकोणनव्वद भरल्या. शरदिनीने काठोकाठ घागर भरली, कमरेवर घेतली आणि मोजत चढू लागली. तिसाव्या पायरीपर्यंत श्वास ठीक होता. चाळिसाव्याला घाम फुटला. बावन्नाव्या पायरीवर दोन्ही पाय आले आणि उजवा गुडघा अडून बसला. पुढे जाईना, मागे येईना. पाणी डचमळून तिच्या कोपरावरून ओघळू लागलं.

"ताई, ठेव खाली. बस्स झालं!" बिंदुमाधव ओरडला.

"तू तिथेच थांब," ती ओरडली. ठेवली तरी सगळं संपणार होतं आणि पडली तरी संपणार होतं. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता.

तेवढ्यात वरच्या घोळक्यातून एक बाई झपझप उतरली. साठीची, काटक, चपला वरच टाकून अनवाणी आलेली. खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ वळतच ती शरदिनीपाशी पोचली.

"मी पद्मा. द्या हिकडं, बाई. भुईला लागू देत न्हाई."

शरदिनीची पकड सैल होईना. "तुम्हाला देऊन काय? शेवटी नेणारच ना?"

"त्ये वर जाऊन भांडू. आत्ता घागर जड झालीया."

या बोलण्यात लबाडी नव्हती. शरदिनीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कमरेवरची घागर तिच्या कमरेला लावून सोडली. पद्माने ती एका झोक्यात डोक्यावर घेतली. थेंबसुद्धा सांडला नाही. तीन मैलांवरच्या विहिरीवरून चाळीस वर्षं पाणी आणलेली ती मान होती. शरदिनी तिच्यामागून एकेका पायरीवर हात टेकत, पाय ओढत वर आली.

वर मोहनराव फुलून गेले होते. "काशीचं कुणी घागर वर आणू शकलं नाही! आमच्या पद्माबाईनं आणली! अध्यक्षसाहेब, शब्द पाळा. पद्माबाई, ओता समाधीवर, अभिषेक करू. कॅमेरा चालू आहे!"

बिंदुमाधवने मान खाली घातली. शब्द दिलेला होता आणि शरदिनीच्या बावन्न पायऱ्या कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. ती भिंतीला धरून कशीबशी उभी राहिली.

पद्मा मात्र डोक्यावरच्या भरल्या घागरीसकट मोहनरावांकडे वळली. "न्यायची कशी म्हनता, अध्यक्ष?"

"कशी म्हणजे? बसमधनं."

"रिकामी? रिकामी घागर घिऊन येशीतनं आत शिरायचं? त्या नव्या कमानीखालनं?"

मागच्या बायकांत कुजबुज झाली. रिकामी घागर समोर आली तर त्यातली एकही बाई कामाला निघाली नसती, मग ती वाजतगाजत गावात आणायची म्हणजे झालंच.

"बरं, भरून नेऊ," मोहनराव म्हणाले. "गंगाजलानं भरून!"

"न्या की. पर भरल्याली घागर भुईला टेकत न्हाई, बुवांचा नेम हाय. दोन दिस बसमधी डोक्यावर कोन धरतंय? तुमी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बेचाळीसच्या बेचाळीस माणसांत हसू पसरलं आणि मोबाईल उगारलेल्या दोघांनी हळूच हात खाली घेतले. मोहनराव फेटा सावरत म्हणाले, "अगं, पण कपाट केलंय ना आपण."

"त्यात ही चुंबळ ठिवा. तिनं तरी पानी वाह्यलंय." एवढं बोलून पद्माने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि शरदिनीला विचारलं, "कुनाकडं न्यायचं, बाई?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न शरदिनीला कुणी विचारला नव्हता. "वर, तिसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली. "चला, मी दाखवते."

"गुडघा?"

"त्याला काय विचारायचंय?"

जिना चढायला तिला किती वेळ लागला ते सांगण्यात अर्थ नाही, पण ती चढली. पद्माने घागर तिरकी धरली, शरदिनीने खाली कळशी धरली आणि पाणी पडू लागलं. फुलपात्रातला पहिला घोट घेऊन इंदूमावशींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणी आणलं गं?"

"मीच" हा शब्द शरदिनीच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

"बुवांच्या गावाने आणलं, मावशी."

म्हातारीने पद्माला आपादमस्तक न्याहाळलं. "एवढी वर्षं लागली होय यायला?"

"लागली खरी, आजी," पद्मा म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली. शरदिनीचेही डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

खाली उतरताना पद्माने विचारलं, "पुढल्या साली कसं करायचं, बाई?"

शरदिनी कठड्याला धरून थांबली. उजव्या गुडघ्यावर तिने एक चापट मारली.

"तोवर हा बदलून घेते. खालच्या बावन्न पायऱ्या माझ्या, वरच्या सदतीस तुमच्या."