धरणाच्या अलीकडे

सुरभी मानसशास्त्राचं एम.ए. करत होती. मनात दुःख असताना माणूस किती मोकळा जगू शकतो, हे मोजणारी प्रश्नावली घेऊन ती आर्वीत घरोघर फिरत होती. सात वाक्यं, प्रत्येकाला एक ते सातमधला आकडा. एक म्हणजे ‘कधीच नाही’, सात म्हणजे ‘नेहमीच’. बेरीज जितकी जास्त, तितका माणूस अडकलेला.

नानाजी भोयर तिचे शाळेतले गणिताचे सर. त्यांचा मुलगा नीलेश दोन वर्षांपूर्वी धरणात बुडाला होता.

“‘वाईट आठवणींमुळे मनासारखं जगता येत नाही’,” सुरभीनं वाचलं.

“एक. सगळ्यायले एकच लिही.”

बेरीज झाली सात. त्याहून कमी होऊच शकत नव्हती.

“खोटं सांगून राह्यले,” दारातून इंदिराकाकू, सरांची बायको, म्हणाल्या. “माह्या बहिणीच्या गावाचा रस्ता धरणावरून जाते म्हणून जात नाईत, मलेही जाऊ देत नाईत. लकवा मारला तिले.”

“ऊठ सुरभी, झालं तुह्यं काम,” सर म्हणाले.

सुरभीनं आकडा तसाच ठेवला.

महिनाभरात काकूंची बहीण वारली. सर मातीलाही निघेनात. काकू एकट्याच बसनं गेल्या आणि तेरवी झाल्यावर निरोप पाठवला, येत नाही.

एका दुपारी सर सुरभीच्या घरी आले. दाढी वाढलेली.

“तो कागद फाड. पुन्हा विचार.”

तिनं विचारलं. तिसऱ्या वाक्याला ते थांबले.

“नीलेश पाण्याले भ्यायचा. भित्रा हायेस म्हणून मीच पाठवलं त्याले पोहाले. लिही, सात.”

बेरीज शेहेचाळीस.

“याचं करू काय आता?”

“भीती गेल्यावर निघू म्हटलं तर निघणंच होणार नाही, सर. भीती घेऊनच काकूंकडं जायच्या बसमध्ये बसायचं. मी येते सोबत.”

गुरुवारी दोघं निघाले. धरणाची भिंत दिसली तसे सर उठले आणि घंटीची दोरी ओढली. उतरल्यावर ते रस्त्याच्या कडेला ओकले.

“तू जा. तिले सांगजो, मी आल्तो.”

त्यांना आर्वीकडे जाणाऱ्या गाडीत बसवून सुरभी पुढच्या बसनं गावात पोचली. काकू अंगणात तूर निवडत होत्या. सरही निघाले होते, हे तिनं सांगितलं.

“कुठलोक आल्ते?”

“धरणाच्या अलीकडे.”

काकूंचा हात थांबला.

“मी याच रस्त्यानं आली. मलेही पोरगं दिसलं पाण्यात. रडत बसून राह्यली, पण उतरली नाई.”

त्यांनी सुरभीला जेवू घातलं. सरांचं पुढं काही विचारलं नाही.

दिवाळी झाली तरी त्या परतल्या नाहीत. सर अजून दोनदा निघाले, दोन्ही वेळा तिथंच उतरले.