ताई खाली येणार नाही

डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली तेव्हा ताईने वाद घातला नाही. धाकट्या भावाला तिथेच शंका यायला हवी होती. जन्मभर प्रत्येक ‘नको’ला ‘का नको’ विचारणारी बाई मुकाट्याने मान डोलावते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणारच. पण अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या बहिणीचं मन दुखवायला नको म्हणून तो तेव्हा फार जपून वागत होता, आणि त्या जपण्यात हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

झटका तसा सौम्य होता. बोलणं शाबूत राहिलं, पाय थोडा ओढत चालायला लागला, पण उजवा हात गेला. गेला म्हणजे होता जागेवरच. फक्त सांगितलेलं ऐकत नव्हता. दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या लॅबमध्ये ताईने उभी हयात घालवली होती. मेणात एकेक दात बसवून, चावा जुळवून, कडा घासून गुळगुळीत करायच्या. त्या कामात उजव्या हाताने तिला कधी दगा दिला नव्हता. आता तोच हात मांडीवर पाहुण्यासारखा बसून राहायचा.

लग्न तिने केलं नाही. भाऊ आणि भावजय खालच्या मजल्यावर, ती वर. आणि वरच्या मोठ्या खोलीत तिची रेल्वे.

ती खेळण्यातली गाडी नव्हे. कुणी तसं म्हटलं तर ताई त्याला दोन दिवस चहा विचारत नसे. ताईचे वडील दगडाच्या खाणीवर नोकरीला होते. खाणीतून दगड खाली आणायला तिथे अरुंद रुळांची एक छोटी रेल्वे होती, तीच तिने कंबरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर पुन्हा मांडली होती. खाण, खाणीला वळसा घालणारं वळण, लाकडी पूल, दगड फोडायची शेड. खरे रूळ कधीच उखडून भंगारात गेले होते. इंजिन तळहातावर मावेल एवढं. चाकं कमी आणि बारीक, त्यामुळे मोठ्या गाडीला जी धूळ जाणवतही नाही, तेवढ्या धुळीने हे इंजिन अडायचं. रुळातून चाकांत आणि चाकांतून मोटारीत वीज पोचायची वाट इतकी नाजूक, की ती सतत पुसत, घासत, तपासत राहावी लागे. ताईला तेच तर आवडायचं.

भावाने जे केलं ते वाईट हेतूने केलं नाही, हे आधी सांगायला हवं. त्याने विचार केला, की बहीण वर जाऊ शकत नाही, गेली तरी एका हाताने काही करू शकत नाही आणि बंद खोलीत सगळं गंजून जाणार. त्याने मॉडेल रेल्वेवाल्यांच्या क्लबच्या सेक्रेटरीला बोलावलं. त्यांच्या हॉलमध्ये जागा होती, माणसं होती. सेक्रेटरी म्हणजे गृहस्थ मनुष्य, निवृत्त शिक्षक, बोलायला मऊ. चहा झाल्यावर दोघं वर गेले. ताई खाली खुर्चीत.

वरून चाकांची टकटक सुरू झाली तशी तिने डोळे मिटले. गाडी शेडवरून निघाली, पूल ओलांडला, खाणीच्या वळणावर आली आणि थांबली. मग खुडखुड. म्हणजे कुणीतरी बोटाने ढकललं. पुन्हा टकटक, पुन्हा फेरी, पुन्हा वळणावर गप्प. आणखी एकदा तसंच.

सेक्रेटरी खाली आले ते हळहळतच. म्हणाले, मोटार दमली आहे, असं बराच काळ पडून राहिलं की होतं, क्लबात एक जण इंजिनं छान उघडतो, आम्ही पोटच्या पोरासारखं सांभाळू. पुढच्या रविवारी खोकी घेऊन येतो.

“मोटार दमली असती तर कुठेही थांबली असती,” ताई म्हणाली. “ती तीनदा एकाच जागी थांबली. दोष रुळात आहे.”

भावाने आणि सेक्रेटरींनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर ताईला ओळखीची होती. दवाखान्यात तिच्या उशाशी उभे राहून लोक अशाच नजरेने एकमेकांशी बोलले होते.

“बरोबर आहे, ताई,” सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले. “आम्ही तेही बघू.”

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला, भावजय भाजी आणायला बाहेर पडली आणि ताई जिन्यापाशी आली. उभ्याने चढणं शक्य नव्हतं. ती पायरीवर पाठमोरी बसली, डाव्या हाताने वरची पायरी धरली, चांगल्या पायाने रेटा दिला आणि ढुंगण एक पायरी वर सरकवलं. मग दम खाल्ला. मग पुढची. लहान मूल जिना उतरतं, तसं उलटं. मध्ये एकदा चप्पल निसटून खाली घरंगळत गेली, तर तिने दुसरीही तिच्या मागोमाग भिरकावून दिली.

भावजय परतली तेव्हा जिन्याच्या तळाशी चपला, खुर्ची रिकामी आणि वरून पंख्याचा आवाज. भाजीची पिशवी तिथेच टाकून ती धडपडत वर गेली तर ताई दिवाणावर बसून घाम पुसत होती.

संध्याकाळी भावाने आवाज चढवला. त्या घरात सहसा तसं होत नसे. पडली असतीस तर, डोकं फुटलं असतं तर, मी कामावर असताना काय करायचं हिने, असं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “चल. मी धरतो. खाली चल.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“जिना चढायचा नाही म्हणाले होते.”

“मग आता मी खाली आले तर पुन्हा चढावं लागेल. त्यापेक्षा मी वरच राहते. डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही मला.”

भावाला हसू येत होतं की रडू, ते त्यालाच कळेना. दिवाण वर होता, न्हाणीघर वर होतं, ताई वर होती. तिला उचलून खाली आणायची त्याची छाती नव्हती. तो पाय आपटत खाली गेला आणि बायकोला म्हणाला, दोन दिवसांत कंटाळेल.

ताई कंटाळली नाही. तिने आधी इंजिन उलटं करून स्पंजच्या खाचेत ठेवलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून चाकाला लावायचा आणि चाक फिरवायचं, हे दोन हातांचं काम. तिने बोळा चिकटपट्टीने टेबलाला चिकटवला आणि इंजिनच त्यावर मागेपुढे ओढलं. बोळ्यावर काजळीसारखे काळे पट्टे उमटले. मग चाकांच्या मागे टेकून वीज उचलणाऱ्या केसासारख्या पितळी पट्ट्या, त्या तिने लॅबमधल्या जुन्या आकड्याने जागेवर आणल्या. डावा हात अडाणी होता. एक स्क्रू पडला, तो शोधण्यात अर्धी सकाळ गेली. ताईने त्या हाताला चार शिव्या घातल्या आणि पुन्हा कामाला लावलं.

इंजिन शेडवरून निघालं, पूल ओलांडला आणि वळणावर थांबलं.

“म्हटलं नव्हतं मी?” ती मोठ्याने म्हणाली. ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या भावजयीला वाटलं, आपल्यालाच बोलल्या.

भावजय गुडघ्यांनी अधू होती आणि दिवसातून कितीदा तरी तो जिना चढत होती. दोन संसार झाले माझ्या मानगुटीवर, असं ती खाली पुटपुटायची, वर ऐकू जाईल अशा बेताने. या खोलीत ती कधी रेंगाळली नव्हती. झाडायला आली तरी फळ्यांपासून लांबूनच झाडून जायची, काही मोडलं तर बोल नको म्हणून. त्या दिवशी मात्र ताट ठेवून ती थांबली, कारण ताई एक विचित्र प्रकार करत होती. विजेच्या मीटरला दोन टोकं असतात. ती दोन्ही रुळांना एकाच वेळी टेकवायची, तेव्हा कळतं तिथवर वीज किती पोचते. ताईने एक टोक उजव्या हाताच्या बोटांना रबराने बांधलं होतं आणि तो हात डाव्या हाताने उचलून, एखादी वस्तू ठेवावी तसा रुळावर ठेवला होता.

“सरक,” ती त्या हाताला म्हणाली. “निदान वजन म्हणून तरी उपयोगी पड.”

वळणाच्या अलीकडे मीटरचा काटा थेट टोकाला गेला. पलीकडे ठेवल्यावर निम्म्यावर येऊन लोळला. मधे रुळाचे दोन तुकडे जोडणारी नखाएवढी पितळी पट्टी होती. ताईने तिच्यावरची खोटी खडी खरवडली. पट्टी हिरवी पडली होती. वीज तिथेच अडकत होती, आणि मोटार बिचारी उगाच बदनाम झाली होती.

इलाज सोपा होता, हात दोन असते तर. पट्टीच्या अल्याडपल्याड एक बारीक तार टाकायची आणि कथलाचा डाग देऊन ती रुळाला जोडायची. ताईने तार मेणाने चिकटवली. मेण वितळून तार निसटली. चिमट्याने धरली, चिमटा उलटला. तिसऱ्यांदा डाग द्यायची तापलेली कांडी तिच्याच मनगटाला चाटून गेली.

“मी धरू का?” भावजय म्हणाली.

“मदत नकोय मला.”

“मदत करू का, असं विचारलंच नाही मी. धरू का, असं विचारलं. तुमच्यापायी माझे गुडघे गेले, वन्सं. आता ही गाडी पळाल्याशिवाय मीसुद्धा खाली जाणार नाही. होऊ दे स्वयंपाकाला उशीर.”

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून आपण हिला ओळखलंच नाही की काय, असं तिला वाटून गेलं. मग तिने चिमटा पुढे केला. हलायचं नाही, फुंकर मारायची नाही, धूर डोळ्यांत गेला तरी सोडायचं नाही, अशी तंबी दिली. भावजयीने श्वास रोखला, दोन्ही कोपर फळीवर टेकले. ताईने डाव्या हाताने कांडी टेकवली. कथील आधी गोळा होऊन बसलं, मग चकाकलं आणि पसरलं. डाग ओबडधोबड झाला. लॅबमध्ये असतं तर ताईने तो फेकून दिला असता. इथे तिने त्यावर गंजाच्या रंगाचा एक फटकारा मारला आणि चालवून घेतलं.

रविवारी सेक्रेटरी दोघा सभासदांना आणि खोक्यांचा ढीग घेऊन आले. भाऊ त्यांच्या मागून वर आला, अवघडल्यासारखा. ताई धुतलेली साडी नेसून कंट्रोलरपाशी बसली होती. बसा म्हणाली नाही, बघा म्हणाली.

गाडी निघाली. शेड, पूल, आणि मग वळण. इंजिन वळणावर आलं आणि जराही न अडखळता पार झालं. भावजयीने तोंडाला पदर लावला. सेक्रेटरी पुढे वाकले. दुसरी फेरी, तिसरी. चौथ्या फेरीला पुलावर शेवटच्या डब्याचं चाक उडालं, त्याने पुढच्याला ओढलं, आणि सगळी गाडी इंजिनासकट आडवी झाली.

सेक्रेटरींचा हात आपसूक पुढे गेला. भावाचाही.

“हात मागे घ्या,” ताई म्हणाली.

तिने वीज बंद केली. उठली, पाय ओढत पुलापाशी आली. डाव्या हाताने इंजिन उचललं आणि रुळावर टेकवलं. एक बाजू बसली, दुसरी घसरली. पुन्हा. पुन्हा घसरली. तिच्या कपाळावर घाम आला. मदत न करता नुसतं उभं राहणं किती कठीण असतं ते भावाला त्या दिवशी कळलं. त्याने दोन्ही हात खिशात कोंबले आणि खिडकीकडे पाहायला लागला. ताईने उजवा हात उचलून पुलाच्या कडेला टेकवला, त्याच्या आधाराने इंजिन तिरकं धरलं आणि हळूच सोडलं. चाकं खट्ट करून बसली. मग एकेक डबा. तिने घाई केली नाही. घाई करावी असं तिला वाटलंसुद्धा नाही.

गाडी पुन्हा धावायला लागल्यावर सेक्रेटरी म्हणाले, आणि ते प्रामाणिकपणेच म्हणाले, “ताई, आज जमलं. पण पुढे? हे रोजचं आहे. उद्या दुसरा हातही…”

भाऊ दचकला. ताई नाही दचकली. हा विचार तिने दवाखान्यातच शंभरदा करून टाकला होता.

“उद्या दुसराही जाईल कदाचित,” ती म्हणाली. “गेला की मी सांगेन आणि ही करेल. तिलाही कंटाळा आला तर तुम्हाला निरोप धाडू. पण मी समोर बसलेली असताना माझ्या मागे काय करायचं ते ठरवायला बसू नका. आणि जाताना ती खोकी न्या, जिन्यात अडचण होते.”

सेक्रेटरी थोडे लाल झाले. मग हसले आणि खोकी उचलायला वाकले. जाता जाता त्यांनी विचारलं, की सभासदांना घेऊन कधी नुसतं बघायला आलं तर चालेल का. ताई म्हणाली, या, मात्र फोन करून या.

डॉक्टर पुढच्या तपासणीला घरी आले ते भरपूर रागावले. मग त्यांनीच सांगितलं, की दोन्ही बाजूंना कठडा असेल आणि सोबत कुणी असेल तर बसत बसत चढायला हरकत नाही. कठडा भावाने स्वतः ठोकला. ताईने वरून बघून तो तिरका असल्याचं सांगितलं. त्याने ऐकलं नाही. उजवा हात पुढेही सुधारला नाही. रुळांवरची धूळ, हिरव्या पडणाऱ्या पट्ट्या, झिजलेले दाते, यांतलंही काही कमी झालं नाही.

फक्त दुपारी आता वर दोघी असतात. भावजय गाडी फार जोरात पळवते, त्यावरून रोज खटके उडतात. सध्याचा वाद दगड फोडायच्या शेडच्या रंगाचा आहे. शेड राखाडी होती, ताईला चांगली आठवते. भावजय म्हणते, तुम्हाला आठवत असेल, पण राखाडी मला बघवत नाही, मी निळी करणार.

“खरी शेड निळी नव्हती,” ताई म्हणते.

“मग आता होईल,” भावजय म्हणते आणि डबीचं झाकण उघडते.