रानकांद्याचा मार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी देव आहे. आर्केडियाच्या डोंगरात, रान संपून कुरण सुरू होते तिथे मी उभा असतो. मला पॅन म्हणतात, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा रानदेव. दामोक्सेनोस नावाच्या मेंढपाळाने मला रानटी नासपतीच्या लाकडातून कोरले. हात चांगला, पण डोळे अधू. त्यामुळे माझे एक शिंग आखूड राहिले. तरी पहिल्या दिवशी लोकांनी मला मध वाहिला आणि देखणा म्हटले.

ते कौतुक तेवढेच. शिकार मिळाली तर ती शिकाऱ्याच्या नेमामुळे आणि नाही मिळाली तर माझ्यामुळे! मग रानकांद्यांनी मला झोडपायचे, ही इथली रीतच आहे. दुपारी ‘देव निजलाय’ म्हणून बासरी वाजवत नाहीत, पण माझ्याच पायाशी बसून तावातावाने भांडतात.

माझ्यामागे एक मोठा ओक होता. त्याच्या मुळाशी झरा होता. त्या झाडात वनदेवी राहते असे सारे मानत. दामोक्सेनोस वारल्यावर त्याची बायको निकिप्पे दर वसंतात ओकाला लोकरीची फीत बांधी. तिचा दीर थेर्सांद्रोस याला मात्र नव्या घराच्या आढ्यासाठी लाकूड हवे होते.

“भाऊजी, एवढं रान पडलंय. नेमकं हेच झाड दिसलं?”

“सरळ हेच आहे, वहिनी. वनदेवी रागावली तर हा आहे की समजूत घालायला,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

मला कुणी विचारलेच नाही.

निकिप्पे झाडाला पाठ लावून उभी राहिली, तेव्हा तो परत गेला. पण ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि त्याने तीन दिवसांत ओक पाडला. तोंड असून बोलता येत नाही, याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

पुढच्या पावसात उघडा पडलेला काठ ढासळला आणि झरा बुजला. उन्हाळ्यात शेळ्या तहानेने ओरडू लागल्या. थेर्सांद्रोस चार गडी घेऊन आला. हातात अर्थातच रानकांदे होते. पहिला फटका माझ्या कानावर बसला. तेवढ्यात निकिप्पेने त्याचे मनगट धरले.

“याला कशाला मारताय? कुऱ्हाड याच्या हातात होती का?”

“मग पाणी कुणी पळवलं?”

“घरी जा आणि आढ्याकडे बघा.”

 तो रानकांदे टाकून निघून गेला.

त्या शरदात त्याने ओकाची फळे आणून पुरली. दरीतून पाणी पाठीवर वाहून घातले. एक कोंब फुटला. त्याने मला मध वाहिला, म्हणाला, “देवा, आता तू लक्ष ठेव,” आणि घरी गेला. दुसऱ्याच दिवशी त्याच्याच शेळीने कोंब खाल्ला.

तो आला, त्याने रिकाम्या जागेकडे पाहिले, मग माझ्याकडे. मागून आलेली निकिप्पे हसता हसता खाली बसली. “भाऊजी, त्याच्याकडे काय बघता? शेळी तुमची.”

दुसरा कोंब आला तेव्हा त्याने भोवती काटे रोवले. ते रोप आता माझ्या गुडघ्याला लागले आहे. झरा अजून बुजलेलाच आहे.

मित्रांनो, झाड जपायचे असेल तर ते देवावर सोपवून घरी जाऊ नका. देवाचे पाय लाकडाचे असतात. कुंपण घाला.