परक्या चौकटीतला निळा पंख

मी एक जुना पडदा आहे. खरं सांगायचं तर पडद्याचा तळहाताएवढा निळा तुकडा. मित्रांनो, माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. ठाणातून मला कापतानाच दुकानदाराने मापात दोन बोटं मारली, असा मला आजही संशय आहे.

दोन मुलींच्या आईने मला घरच्या मशीनवर शिवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलं. सव्वीस वर्षं मी ऊन अडवलं, फोडणीचा धूर सोसला. "रंग काय सुरेख आहे!" असं शेजारणी म्हणायच्या. पुढे आई गेली आणि मी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी जाऊन पडलो.

थोरली मुलगी, म्हणजे ताई, लोकांच्या घरच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून झाडं, घरं, पाखरं बनवायची आणि ती काचेच्या चौकटीत बसवून द्यायची. एके दिवशी तिने ट्रंक उघडली.

"आईच्या कापडांची एक चौकट करते, आपल्या दोघींसाठी," ती म्हणाली.

धाकटीने डोळे बारीक केले. "कर. पण एक चिंधीसुद्धा इकडची तिकडे व्हायला नको."

मलाही ताईचं लक्षण काही ठीक दिसेना. तिच्या टेबलावर एका म्हाताऱ्या घड्याळजीचं काम पडलं होतं. त्याच्या दिवंगत बायकोच्या निळ्या झग्यातून त्याला पाखरू हवं होतं. ताईने झगा उजेडात धरला. कसरीने त्याची चाळण केली होती. ती चुकचुकली. घरात कोणी नसतानाही तिने एकदा मागे वळून पाहिलं, झगा खणात सरकवला आणि माझ्यावर कात्री चालवली.

"चार बोटं तर कापड. कोणाला कळतंय?" ती पुटपुटली.

असा मी परक्या पाखराचा पंख झालो आणि घड्याळजीच्या भिंतीवर चढलो. रोज सकाळी तो डोळ्याला भिंग लावून माझ्यापाशी यायचा. मी श्वास रोखायचो. ओळखलं, याने नक्की ओळखलं! पण तो नुसती मान हलवायचा आणि कामाला बसायचा.

दोन महिन्यांनी बेल वाजली. दारात ताई होती, हातात पिशवी, मान खाली. मागे धाकटी उभी होती. घरी तिने उरलेला पडदा पसरून पाहिला होता. एक कोपरा कमी भरला, आणि ताईच्या मोबाईलमधल्या या पाखराच्या फोटोत तिला मी सापडलो होतो.

"तू सांगतेस की मी सांगू?" धाकटी म्हणाली.

ताईने सगळं सांगितलं. घड्याळजीने भिंतीवरून चौकट उतरवली.

"मला पहिल्या दिवसापासून शंका होती. हिच्या झग्याचं कापड तलम होतं, हे जाड. पण वाटलं, आपलीच आठवण दगा देतेय. दोन महिने मी स्वतःलाच खोटं पाडतोय, पोरी."

ताईचा चेहरा उतरला. "काका, त्याला भोकं होती. शोभलं नसतं."

"भोकांसकट हवं होतं मला."

ताईने पिशवीतून झगा काढला. घड्याळजीने आपला कामाचा दिवा लावला आणि चिमट्याने स्वतःच मला अलगद सोडवलं. धाकटीने सुईत दोरा ओवला. तासाभरात जाळीसारखा विरलेला पंख पाखराला बसला. या वेळी त्याने भिंग लावलं नाही. काच बसवण्याआधी नुसता हात फिरवला, बराच वेळ.

मग मला उचलून त्याने विचारलं, "आणि हे कोणाचं?"

"आमच्या आईचं," दोघी एकदमच म्हणाल्या.

धाकटीने मला घेतलं, क्षणभर मुठीत धरलं आणि ताईच्या हातावर ठेवलं. "बसव आपल्या चौकटीत. पण मी शेजारी बसून बघणार."

मित्रांनो, आता मी घरच्या भिंतीवर आहे. पाठीला अजून डिंक चिकटलेला आहे, त्याने एक कडा उचलली जाते. आठवणीची कापडं भिंतीवर जरूर लावा. पण विरलेल्याच्या जागी चांगलं दिसणारं दुसरं लावू नका. त्या भिंतीपाशी रोज कोणीतरी आपलं माणूस शोधायला येत असतं.